तुळशीदासचा सरकता फोन

तुळशीदासला नवा फोन घ्यावा लागला तो पिठामुळे. खोडाळ्याच्या अलीकडे, वळणावरच्या पाड्यात त्याची पिठाची गिरण होती. तांदूळ झाले की नागली, नागली झाली की उडीद, असं दिवसभर दळून त्याची बोटं इतकी पिठाळलेली असायची की काचेचा फोन त्यांना ओळखच देत नसे. घंटी वाजायची, तुळशीदास काचेवर बोट घासायचा, फोन ढिम्म. मग तो नाकाच्या शेंड्याने फोन उचलायचा. नाकावरही पीठ असलं तर जिभेने. हे त्याच्या बायकोला, सुकरीला, मुळीच पसंत नव्हतं.

"चार माणसांत फोन चाटता," ती म्हणायची. "बरं दिसतं काय?"

म्हणून जव्हारच्या एका दुकानदाराला सांगून त्याने खास फोन मागवला. वरून तो इतरांसारखाच होता, पण अंगठ्याने ढकलला की काच बाजूला सरकायची आणि खालून खऱ्याखुऱ्या बटणांच्या ओळी बाहेर यायच्या. दाबलं की दाबल्यासारखं वाटणारी बटणं. पीठ असो की चिखल, त्यांना बोटाशी मतलब.

फोन पहिल्यांदा चालू केला तेव्हा एक इंग्रजी पान आलं. त्यावर ओळखीच्या सगळ्यांची नावं आणि प्रत्येक नावापुढे रिकामी चौकट. दुकानात गर्दी होती, विचारणार कोणाला? तुळशीदासने स्वतःच ताडलं, की नवा फोन घेतल्याची खबर कोणाकोणाला द्यायची, असं विचारत असणार. आता अशी खबर कोणापासून लपवायची! त्याने एकूण एक चौकटीत खूण केली आणि समाधानाने जीपमध्ये येऊन बसला.

दोन दिवसांनी त्याचा मेहुणा करण पाड्यात आला. करण भिवंडीच्या गोदामात कामाला होता. त्याच्याकडे ताटलीएवढा मोठा फोन होता आणि कुठल्याही फोनबद्दल मत होतं. गिरणीत शिरताच त्याची नजर खुंटीला टांगलेल्या नव्या फोनवर गेली.

"हे काय, भावजी? इतका जाडा? दोन जिवाचा हाय काय?"

"हाय ना," तुळशीदास म्हणाला आणि त्याने अंगठ्याने काच ढकलली. खट्! बटणं बाहेर आली. "हे बघ पोटातलं."

नागलीचा डबा घेऊन नंबर लावून बसलेली धाकली नावाची म्हातारी खुदकन हसली. करणला ते लागलं.

"असलं कोन वापरतं आता? पुराना झाला. माझा बघा, तीन डोळ्यांचा कॅमेरा."

"तुझ्या फोनवर माझा नंबर लाव बघू," तुळशीदास म्हणाला आणि आपलं पांढरं बोट त्याच्यासमोर नाचवलं. "या बोटानं."

करणच्या काचेने ते बोट जुमानलं नाही. काचेवर नुसत्या रांगोळ्या उमटल्या. "हात तो पोछो," करण कुरकुरला. "माझ्यात बोललं तरी लिवून येतं. हात लागतोच कशाला?" त्याने फोन तोंडाशी नेला आणि गिरणीच्या घरघराटात ओरडला, "भाकरी!"

फोनवर आलं, 'बकरी'.

"जेवायला बस, बकरी वाढते," धाकली म्हणाली, आणि तिथून पुढे ती आपण होऊन पंच झाली. फोटोत करण जिंकला. बॅटरीच्या उजेडात दोघे सारखेच निघाले. आवाजात तुळशीदास जिंकला, कारण त्याच्या फोनची घंटी गिरणीच्या वर ऐकू आली. मग करणने सरकता फोन हातात घेऊन बटणं न्याहाळायला सुरुवात केली आणि कोपऱ्यातल्या एका तांबड्या बटणावर त्याचं बोट थांबलं.

"हे कशाचं?"

तुळशीदासला ठाऊक नव्हतं. पण पंचांसमोर तसं कसं सांगणार? "तूच वाच. तू तर भिवंडीला असतोस."

करणने एकेक अक्षर लावलं. "एस... ओ... एस. सोस!"

"मग? सोस म्हंजे हौस. हौसेचं बटण हाय."

"काय होतं त्यानं?"

"बघ," म्हणत तुळशीदासने ते दाबून धरलं. फोन हातात थरथरला, काचेवर काहीतरी गोल गोल फिरलं आणि विझलं. सगळे वाट पाहत राहिले. काहीच झालं नाही.

"बॅटरी वाचते यानं," तुळशीदास गंभीरपणे म्हणाला. करणच्या फोनला असं बटण नव्हतं, त्यामुळे तोही गुण तुळशीदासला मिळाला.

आता उरली रेंज. गिरणीत रेंज नावालाही येत नसे. ती यायची वळणावरच्या खडकावर, तीही वाऱ्याच्या लहरीवर. दोघे खडकावर चढले, फोन उंच धरून उभे राहिले. करणचा फोन मुका. तुळशीदासचा फोन मात्र एकदम जिवंत झाला. टुण्, टुण्, टुण्, टुण्, वाजायचा थांबेचना.

"ऐकलंस?" तुळशीदास म्हणाला. "याला म्हनतात रेंज!" त्या टुणटुणण्यात आपल्या फोनमधून नक्की काय बाहेर पडतंय हे बघायची त्याला गरजच वाटली नाही. जिंकलेला माणूस कशाला खाली बघतोय! त्याने खट्‌दिशी फोन मिटला आणि गिरणीकडे चालू लागला. करण मात्र हार मानेना. "इथं खडकच खराब हाय," म्हणत तो खोडाळ्याच्या वाटेने रेंज शोधत निघून गेला.

तुळशीदासने धाकलीचा डबा गिरणीत ओतला, आणि तेवढ्यात वीज गेली. पट्टा हळूहळू थांबला. त्याने वीजवाल्यांना दोन शब्द ऐकवले. धाकली कंटाळून उन्हात जाऊन बसली. वीज काही येईना. भाताची कापणी-झोडणी आटोपून जरा निवांत दिवस आले होते, दुपार गार होती. तुळशीदास पिठाच्या गोणीवर आडवा झाला, टॉवेल तोंडावर घेतला आणि जिंकल्याच्या आनंदात त्याला गाढ झोप लागली.

त्याला जाग आली ती कोणीतरी त्याचे दोन्ही पाय धरले तेव्हा. दुसऱ्या कोणीतरी काखेत हात घातले. डोळे उघडून बघतो तर गिरणीत जत्रा भरलेली. मोखाड्याच्या फेऱ्या मारणारा जीपवाला धनेश पायाशी होता. डोक्याशी होता तुळशीदासचा सासरा बाबल्या, आणि सासऱ्याच्या काखेत होता एक कोंबडा. तो तुळशीदासच्या कानाशी ओरडत होता.

"डोळं उघडलं!" कोणीतरी किंचाळलं.

"अरे, काय झालं? कोन गेलं?" तुळशीदास घाबरून म्हणाला.

"बोलू नको! जीव जपून ठेव," धनेश म्हणाला. "अंग किती पांढरं पडलंय बघा. रगत उरलंच नाय."

"पीठ हाय ते!"

"भ्रमलाय," बाबल्या रडत म्हणाला. "पीठ पीठ करतोय. कामाचा लई होता हो माझा जावई."

'होता' ऐकून तुळशीदासने पाय झाडले. तो सुटायला धडपडू लागला तशी "झटके येतात, घट्ट धरा" अशी आरोळी उठली आणि जीपमधल्या आणखी चार उतारूंनी त्याला उचलून धरलं. अशी ही वरात दारात पोहोचते तोच सुकरी हंबरडा फोडत आली, आणि तिच्या मागून छाती धपापत करण.

"मी आत्ताच तर इथून गेलो!" करण सगळ्यांना सांगत होता. "हसत होता माझ्यासंग. खोडाळ्याजवळ रेंज लागली तर याचा मेसेज, मी संकटात हाय, मदत करा. तिथल्या पोरानं वाचून दाखवला. फोन लावतो तर लागत नाय. पट्ट्यात हात गेला असंल म्हनून मी ॲम्ब्युलन्सला फोन केला, बाबाला केला, सगळ्यांना केला..."

सुकरीने नवऱ्याचे दोन्ही हात धरून उलटेपालटे केले. बोटं मोजली. पाय बघितले. मग टॉवेलने त्याचं तोंड खसाखसा पुसलं. आतून धडधाकट, गोंधळलेला, सावळा तुळशीदास निघाला.

"याला कायबी झालेलं नाय," ती म्हणाली. "खाली टाका त्याला."

त्यांनी खरंच टाकला.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. तिच्यातून उतरलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पेशंट कोण?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. तुळशीदासने लाजत हात वर केला. बाईंनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, मग फोन मागून घेतला.

"हे तांबडं बटण दाबलंत का तुम्ही?"

"हौसेचं हाय ना ते?"

"संकटाचं आहे, दादा. जीव धोक्यात असला की दाबायचं. दाबलं की तुम्ही निवडलेल्या माणसांना निरोप जातो." त्यांनी काच सरकवून पाहिलं. "आणि तुम्ही तर सगळीच निवडलीत."

मग सगळे एकदम बोलू लागले. धनेश म्हणाला की मोखाड्याचं भरलेलं गिऱ्हाईक तसंच घेऊन तो उलटा फिरला होता. उतारू म्हणाले की त्यांचा बाजार बुडाला. बाबल्या म्हणाला की तो कोंबडा विकायला उभा होता, चांगलं गिऱ्हाईक लागलं होतं, ते तसंच सोडून तो धावत सुटला, एक चप्पल कुठल्या ओढ्यात गेली तेही त्याला माहीत नाही. "सोस!" करण दात खाऊन म्हणाला. "पोरगं होऊन बसलायस काय?" वाचताना तो शब्द आपणच काढला होता, हे तो सोयीने विसरला. तुळशीदास खाली मान घालून उभा होता. आपल्याला खरंच थोडंसं काहीतरी झालं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं.

"सगळे बाहेर व्हा," आतून आवाज आला. "मशीनला कोणी हात लावू नका."

तो वायरमन जिवा होता. तो कधी आला, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मलाबी मेसेज आला," जिवा म्हणाला. "गिरणीवाला संकटात म्हंजे शॉकच, दुसरं काय असणार? म्हनून आधी डीपीवर, त्या खांबावरच्या वीजपेटीवर, जाऊन पाड्याची लाईन काढली, मग आलो. तुळशीदास, इकडं ये. नुसतं बघ."

त्याने मोटरीच्या मागे बॅटरीचा उजेड पाडला. मोटरीकडे जाणारी केबल पट्ट्याच्या जाळीला घासून घासून सोलली होती. आतली तांब्याची तार उघडी पडून थेट लोखंडी सांगाड्याला टेकली होती. जमिनीत जाणारी अर्थिंगची तार गंजून केव्हाच तुटली होती.

"आख्ख्या गिरणीत करंट उतरतोय. इतके दिस थोडाथोडा, आज तर तार थेट टेकलीय," जिवा म्हणाला. "हाताला काय लागायचं नाय तुला?"

"मुंग्या यायच्या," तुळशीदास आपल्या बोटांकडे बघत म्हणाला. "मला वाटलं नव्या फोनचं हाय."

"मलाबी यायच्या," सुकरी हळूच म्हणाली. "झिणझिण्या. अंगात रगत कमी असंल म्हनून मी गोळ्या खात होते."

"पायात रबरी चप्पल, खाली कोरडं गोणपाट, म्हनून वाचलात. ओला हात लागला असता ना..." जिवाने वाक्य पुरं केलं नाही.

पुरं करायची गरजही नव्हती. रोज संध्याकाळी दळण आटोपलं की सुकरी अनवाणी पायांनी, ओल्या फडक्याने ती गिरण पुसायची, हे तुळशीदासला माहीत होतं. आजही पुसणार होती. मघाशी धडधाकट निघालेला माणूस आता खराच पांढरा पडला होता. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा त्याची नाडी धरली आणि पाणी आणायला सांगितलं.

धनेशने जीप सावलीत लावली. उतारूंतला एक जण जिवाला पक्कड द्यायला गेला, दुसऱ्याने अर्थिंगच्या नव्या तारेसाठी खड्डा खणायला कुदळ घेतली, कोणी त्यात भरायला मीठ आणि कोळसा आणला. करण पाणी शेंदून खड्ड्यात ओतत होता, आणि प्रत्येक कळशीगणिक बहिणीकडे बघत होता, ती तिथेच आहे ना म्हणून. बाबल्याने काखेतला कोंबडा काढून धाकलीच्या हातात दिला. "आता कुठं बाजारात नेतो? एवढी मान्सं उपाशी धाडायची काय?" ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर निघायची घाई करत होता. त्याला बाईंनी चहा होईपर्यंत थांबायला सांगितलं.

नवी केबल लागली, तार जमिनीत गेली, जिवा डीपीवर जाऊन लाईन जोडून आला. तुळशीदासने लाकडी काठीने कळ दाबली. पट्टा फिरू लागला, घरघर सुरू झाली. पण त्या लोखंडाजवळ जायला कोणी धजेना. जिवाने टेस्टर लावून दाखवला तरी माणसं दारातच थबकली होती.

सुकरीने पदर खोचला, पायात चप्पल आहे ना ते एकदा बघितलं आणि पुढे होऊन हाताची मागची बाजू सांगाड्याला हलकेच टेकवली. कळ बंद करायला तुळशीदास काठी रोखून उभा राहिला.

"काय नाय," ती म्हणाली.

मग तिने आख्खा तळवा ठेवला आणि तशीच उभी राहिली. किती तरी वेळ. बाहेर माणसं पुन्हा बोलू लागली, कोणीतरी मोठ्याने हसलं. तुळशीदास काठी ठेवून पुढे झाला आणि त्याने तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. लोखंड थरथरत होतं, गार होतं, आणि नुसतंच लोखंड होतं.