धक्क्याच्या टोकावरची खुर्ची

आर्डिसने लाकडी धक्क्याच्या टोकाला खुर्ची मांडली, कॉफीचा मग शेजारी ठेवला आणि आता बूड टेकवणार, एवढ्यात काठावरून शेजारच्या ड्वेनचा आवाज आला.

"अगं आर्डिस, धक्का अजून पाण्यातच? तळं गोठलं की बर्फ त्याचा भुगा करेल. थांब, काढून देतो."

तीस वर्षं दर शरदात ती या केबिनवर येत होती. मंडळी धक्क्यावर बसून लाल-पिवळं रान बघत आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून मंडळींच्या पाठी बघे. यंदा नवरा गेला आणि मुलाने केबिन विकून टाकली. उद्या किल्ल्या द्यायच्या होत्या. त्याआधी एकदा तरी त्या टोकाला बसून सूर्य मावळताना पाहायचा, एवढ्याचसाठी ती एकटी गाडी हाकत आली होती. विक्रीचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर सांत्वनाला अख्खं तळं लोटलं असतं.

"नको रे, कशाला उगाच त्रास," ती म्हणाली.

इथेच घोटाळा झाला. उत्तर मिनेसोटात पहिला नकार हा शिष्टाचार असतो आणि दुसरा संकोच. तिसऱ्या नकाराला लोक सरळ होकार समजतात. अंगावर ओरडायचं तिच्या आईने तिला शिकवलंच नव्हतं.

"खरंच नको, ड्वेन."

"आपल्यात संकोच कसला गं?"

"अरे, नको म्हणतेय ना!"

"बरं बरं, मेव्हण्यांनाही हाक मारतो. एकट्याने नाही व्हायचं."

ड्वेन आणि त्याचे दोन मेव्हणे कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून पाण्यात उतरले. बघता बघता धक्क्याचे सुटे भाग झाडाखाली रचले गेले. वर खुर्ची ठेवली. कॉफी तळ्यात गेली.

आता मदतीला आलेल्यांना उपाशी कसं धाडायचं? तिने रात्रीसाठी केलेलं खिमा-बटाट्याचं हॉटडिश ओव्हनमधून काढलं. तिघांनी दोनदा नको म्हटलं आणि मग ताव मारला. तळाशी एक घास उरला. शेवटचा घास उचलणं हावरटपणाचं, म्हणून एकाने त्यातला अर्धा घेतला, दुसऱ्याने उरलेल्याचा अर्धा, तिसऱ्याने त्याचाही अर्धा. आर्डिसला वाटलं, भांडंच उचलून तळ्यात फेकावं.

तेवढ्यात ड्वेनची बायको मार्लिस आली. "धक्का निघाला म्हणजे केबिन बंदच केलीस ना? ड्वेन, नळांचं पाणीही काढून टाक रे, थंडीत गोठून फुटायचे. बिचारी एकटी काय काय करणार!"

"नको गं मार्लिस, आज रात्री मी इथेच..."

पहिलाच नकार होता. कोण मोजतो? ड्वेन तोवर नळ रिकामे करायला केबिनखालच्या पोकळीत शिरलाही होता. नळ कोरडे पडले आणि आर्डिसचा मुक्कामही आटोपला.

"जरा निवांत बसायचं होतं गं," सामान गाडीत टाकताना तिच्या तोंडून निघून गेलं.

"मग पुढच्या वर्षी बस की! तळं कुठे पळून जातंय?"

"हो, बसेन की," आर्डिस म्हणाली.

आणि मग तिचं लक्ष शेजारी गेलं. ड्वेनचा धक्का डौलात पाण्यात उभा होता.

"तुझा नाही काढलास?" तिने ड्वेनला विचारलं.

"छे! आत्ताच तर रंग चढलाय रानाला. संध्याकाळी तिथे बसण्यासारखं सुख नाही बघ. आम्ही महिनाअखेर काढतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती हसली. "मग मी बसू का जरा? एकटीच."

"विचारतेस काय!"

तिने आपली खुर्ची उचलली, ड्वेनच्या धक्क्याच्या टोकाला नेली आणि बसली. समोर पाणी होतं, पलीकडे पेटलेलं रान आणि त्यावर टेकत आलेला सूर्य. तीस वर्षांत पहिल्यांदा मध्ये कुणाची पाठ नव्हती.

मागे फळ्या वाजल्या. "एकटीच काय बसलीस गं?" मार्लिस म्हणाली. "आम्ही येतो सोबतीला."

"नको गं, मी बरी आहे."

"संकोच कसला!"

खुर्च्या आल्या. पाहुण्या बाईला काठावर वारा लागू नये म्हणून ड्वेनने तिची खुर्ची प्रेमाने मागे ओढली आणि मेव्हण्यांसकट सगळे पुढे बसले, ओळीने. आर्डिस चार पाठी बघत राहिली.

थोड्या वेळाने ड्वेनने मान वळवली आणि सूर्य मावळल्याचं तिला सांगितलं.