ताईंनी पिसलेले विषाणू

शुक्रवारच्या व्याख्यानाला पाच दिवस उरले असताना ताईंनी साहेबांच्या ऐंशी निगेटिव्ह पत्त्यांसारख्या पिसून टाकल्या.

साहेब प्रयोगशाळेचे प्रमुख आणि ताई त्यांची सख्खी थोरली बहीण. वीस वर्षं फोटो स्टुडिओत काढून त्या भावाच्या डार्करूममध्ये आल्या, तेव्हापासून साहेबांना ‘अरे’ म्हणणारं एक माणूस तिथे झालं.

त्या काळी ही कामं हातानंच चालत. एका विषाणूचा फोटो म्हणजे नुसता धुरळा. म्हणून चाळीस विषाणूंच्या चाळीस निगेटिव्ह एकाच कागदावर, एकीमागून एक, प्रत्येकी एक सेकंद उजेड देऊन छापायच्या. धुरळा विरून जाई आणि सगळ्यांत समान असेल तेवढंच कागदावर उरे. केसभरही न सरकता त्या बसवाव्यात त्या ताईंनीच. साहेबांनी चाळीस विषाणू औषध घालून टिपले होते, चाळीस तसेच. एका सरासरी चित्रातून दुसरं वजा केलं, तेव्हा उजव्या अंगाला काळा ठिपका उरला. औषध तिथेच चिकटतं, असं साहेबांनी संचालकांना सांगून टाकलं आणि संचालकांनी व्याख्यानासाठी सभागृह घेतलं.

“चार महिन्यांची मेहनत पिसलीस तू?” साहेब दारातच थांबले.

“पाकिटांवर क्रमांक आहेत. वहीत सगळं टिपलंय. हवं तेव्हा परत लावून देईन.”

“पण कशासाठी?”

“लहानपणी भिंतीवरच्या ओलीत तुला हत्ती दिसायचा. सोंडेसकट.”

“त्याचा इथे काय संबंध?”

“आईला त्यातच घोडा दिसायचा. मला ओल दिसायची.” ताईंनी पाकिटं पुन्हा पिसली. “हे बघ, डोळे मिटून दोन ढीग करायचे. तशीच सरासरी, तशीच वजाबाकी. नशिबानं पडलेल्या ढिगांतही असाच ठिपका आला, तर तुझा ठिपका औषधाचा कशावरून?”

“आणि नाही आला तर?”

“तर पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन.”

ताईंनी हे एकदा नाही, एकोणीस वेळा केलं. एकोणीस वेळा दोन-दोन ढीग, प्रत्येक ढिगात चाळीस निगेटिव्ह. दीड हजारांवर वेळा सेकंद मोजला आणि एकदाही हात हलला नाही. बोटांची टोकं रसायनानं पिवळी पडली. गुरुवारी दुपारी दोरीवर चिमट्यांनी वीस चित्रं लटकत होती: एकोणीस नशिबाची, एक साहेबांचं. कोणतं कुठलं ते फक्त मागच्या बाजूला लिहिलेलं.

“काढ तुझं ओळखून,” ताई म्हणाल्या.

साहेबांनी क्षणभरही न थांबता एक काढलं. उलटून पाहिलं. नशिबाचं. दुसरं काढलं, तेही नशिबाचं.

“डोळे चुरचुरतायत,” असं म्हणत त्यांनी कोटाच्या डाव्या खिशातून छोटी बाटली काढली, डोळ्यांत दोन थेंब घातले आणि तिसरं चित्र काढलं. तेही नशिबाचंच निघालं.

“ठिपक्यांचा काळेपणा मी मीटरवर मोजलाय,” ताई हळू आवाजात म्हणाल्या. “वीसांत तुझा सातवा आला, बाळा.”

साहेब स्टुलावर बसले. मग म्हणाले, “ती दोरी उद्या सभागृहात बांधता येईल का?”

शुक्रवारी मंचावर वीस चित्रं लटकली. साहेबांनी मान्यवरांना खरं चित्र ओळखायला सांगितलं. संचालकांनी चौथं सांगितलं, शेजारच्या प्राध्यापकांनी अकरावं, आणि प्रत्येकानं शेजाऱ्याच्या दृष्टीबद्दल सहानुभूती दाखवली. मग साहेबांनी सगळी चित्रं उलटी केली.

“औषध चिकटतं असं या चित्रांवरून म्हणता येत नाही,” ते म्हणाले. “मी कालपर्यंत म्हणत होतो. माझ्या बहिणीनं मला वाचवलं.”

सभागृह उठून उभं राहिलं. पैज जिंकूनही पुढच्या रांगेत सगळ्यांत जोरात टाळ्या ताईच वाजवत होत्या.

शेवटी संचालकांनी विचारलं, “पण औषध घातलं होतं किती?”

“तीन थेंब. अंधाऱ्या खोलीत, माझ्या हातानं. ही बघा बाटली.” साहेबांनी उजव्या खिशातून बाटली काढून उंच धरली. तिचं सील जसंच्या तसं होतं.

साहेबांनी सीलकडे पाहिलं. मग सावकाश डाव्या खिशातून तेवढीच, अर्धी रिकामी बाटली काढली. तिच्यावरचं लेबल वाचलं: ‘डोळ्यांत घालायचे थेंब’.

मग पुढच्या रांगेतून शांत आवाज आला:

“काही बिघडलं नाही रे. त्या विषाणूंना तू आता अगदी स्वच्छ दिसत असशील.”