शेऱ्याचा रकाना

जावईबापूंचं मानक एका पानाचं होतं आणि ते एकाच पानाचं राहावं म्हणून त्यांनी दोन वर्षं जगाशी वाकडं घेतलं होतं. एका वाचनालयाच्या संगणकाला दुसऱ्या वाचनालयाच्या संगणकाशी पुस्तकांबद्दल बोलता यावं, यासाठीचा हा सगळ्यांना खुला, फुकट नमुना. पुस्तक कोणतं, कोणाचं आणि सध्या कुठे आहे, असे तीनच रकाने. चौथा कोणी सुचवला की जावईबापू नन्नाचा पाढा लावत. आज पाच वाजता ऑनलाइन बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं. पानाची दोन पानं झाली तर आम्ही यात नाही, असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मंडळींनी आधीच बजावलं होतं.

घात केला तो जेवायला आलेल्या सासऱ्यांनी. ते निवृत्त ग्रंथपाल. हात पुसता पुसता त्यांनी संगणकात डोकावून पाहिलं.

"शेरा कुठाय?"

"लागत नाही, बाबा."

"चाळीस वर्षं नोंदी केल्यात मी. शेऱ्याशिवाय नोंद म्हणजे बटणांशिवाय सदरा!"

"अहो, घाला ना एक रकाना," आतून बायकोचा आवाज आला. "काय आभाळ कोसळणार आहे का?"

जगाला नाही म्हणणं सोपं, सासऱ्यांना कठीण. जावईबापूंनी मुकाट्याने शेरा घातला.

मानक खुलं, त्यामुळे दहा मिनिटांत ते जगाला दिसलं. शेरा चालतो तर बांधणीचा रंग का नको, असं एकाने विचारलं. दुसऱ्याला पुस्तकाचा वास नोंदवायचा होता. तिसऱ्याला वाचक कितव्या पानावर कंटाळला ते हवं होतं. जावईबापू नको म्हणायला गेले की, "मग शेऱ्याला हो का म्हणालात?" हा प्रश्न तयारच. चार वाजेपर्यंत एक्केचाळीस रकाने आणि अकरा पानं झाली. सॉफ्टवेअरवाल्या मंडळींचा निरोप आला, "बैठकीला येतोय, पण रामराम करायला."

"दोन वर्षं पाण्यात गेली," जावईबापू म्हणाले.

"काही जात नाहीत. शेरा काय चीज आहे ते मीच दाखवतो त्यांना," म्हणत सासरे समोरच्या वाचनालयातून त्यांच्या काळातलं जाडजूड रजिस्टर घेऊन आले.

पाच वाजता त्यांनी ते कॅमेऱ्यासमोर दिमाखात उघडलं. सगळे पुढे वाकले. मोत्यासारख्या अक्षरात, ओळीमागून ओळ, एकच शेरा होता: 'शेरा नाही'. सासऱ्यांनी पान उलटलं. शेरा नाही. एकदम वीस पानं उलटली. शेरा नाही. पलीकडे कोणीतरी खोकलं.

"बाबा, हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"रकाना होता. मोकळा कसा सोडणार?" सासऱ्यांनी हळूच रजिस्टर मिटलं. "काढून टाका तो शेरा."

शेराच गेल्यावर वासवाले आणि रंगवाले कोणत्या तोंडाने भांडणार? पाऊण तासात मानक पुन्हा एका पानावर आलं आणि एकमताने मंजूर झालं. जावईबापूंना सासऱ्यांना मिठी मारावीशी वाटली, आणि त्यांनी ती मारलीही.

"असू दे, असू दे," सासरे अंग सोडवून घेत म्हणाले. "पण रकाना का काढला, ते कुठेतरी लिहून ठेवा हं."

"कुठे लिहू, बाबा?"

"कुठे म्हणजे? शेऱ्यात!"