पोर्चचं बटण

"इस्त्री घरात आली आणि घराला दृष्ट लागली," आप्पा स्टुलावर चढता चढता पुटपुटले. पुटपुटले ते स्वतःशीच. पण सून टॉर्च धरून त्यांच्या कोपराशी उभी असल्यामुळे वाक्य घरपोच मिळाल्यासारखं थेट तिच्या कानात पडलं. तिनं टॉर्च जरा उंच केला आणि काही ऐकलंच नाही असा चेहरा केला. सासऱ्यांच्या पुटपुटण्याला उत्तर द्यायचं नसतं, हे शहाणपण तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी आलं होतं.

जिन्याखालच्या अंधारात विजेची पेटी होती. पेटीत ओळीनं सहा बटणं आणि प्रत्येकाखाली आप्पांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी: बैठक, स्वयंपाकघर, आतली खोली, न्हाणीघर, माळा, पोर्च. घरातली वीज गेली की पेटीला हात लावण्याचा मान फक्त आप्पांचा. त्यांची पद्धतही ठरलेली. पायात रबरी चपला, हातात लाकडी फूटपट्टी. हात लांबवर ताणून आधी सगळी बटणं पट्टीनं खाली पाडायची, मग डोळे मिटून एकेक वर ढकलायचं. "बैठक," ते म्हणत, आणि एक मोठा श्वास घेत. "स्वयंपाकघर." पुन्हा श्वास. पाच बटणं होईपर्यंत घरात काडीसुद्धा हलत नसे. शेवटी पोर्चचं बटण वर गेलं की सगळे पंखे एकदम फिरत, फ्रिज कण्हत जागा होई आणि आप्पा कपाळ पुसत खाली उतरत.

"विजेला घरभर फिरून यावं लागतं," ते सांगत. "घाई करून चालत नाही. शास्त्र आहे ते."

त्या दिवशी त्यांनी शास्त्रात एक कलम वाढवलं. "परत एकदा वीज गेली, तर ती इस्त्री माळ्यावर जाईल. लोड येतो तिचा."

सुनेचं तर इस्त्रीवाचून अडणार होतं. एका हॉटेलच्या नोकरांचे सदरे शिवायचं काम तिला नुकतंच मिळालं होतं. पहिला गठ्ठा संध्याकाळी न्यायला माणूस येणार होता आणि तो पसंत पडला तर काम कायमचं. शिवण तिची चांगलीच होती. पण इस्त्रीशिवायची कॉलर म्हणजे भिजलेल्या कुत्र्याचा कान. ती कोण पसंत करणार?

आप्पा कटिंगला गेले. त्यांची कटिंग म्हणजे केस मोजके आणि गप्पा पोतंभर. तेवढ्यात सदरे उरकावे म्हणून सुनेनं इस्त्री लावली. न्हाणीघरात नवऱ्यानं गिझर लावला होता. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी नेहमीसारखं "मिक्सर लावतेय गं!" असं ओरडून विचारलं, आणि उत्तर यायच्या आत लावला.

घर विझलं.

"माझं काही नाही हो," सासूबाई आतून म्हणाल्या. "मी नुसती चटणी वाटत होते."

सून धावत जिन्याखाली गेली आणि स्टुलावर चढली. आप्पा परतायच्या आत वीज आली, तर वीज गेलीच नव्हती! टॉर्चच्या उजेडात बघते तर पाच बटणं ऐटीत वर. पडलं होतं एकटं पोर्चचं. तिनं ते बोटानं वर केलं. पंखे फिरले, फ्रिज कण्हला. वीज कुठेही फिरायला न जाता सरळ आली होती.

तिला शंका आली. तिनं स्वयंपाकघराचं बटण खाली केलं. मिक्सर घरघरतच राहिला. बैठक खाली केली, माळा केला, एकामागून एक पाचही पाडली. घर आपलं मजेत चालू. म्हणजे ती पाच बटणं नुसती शोभेची, आणि अख्ख्या घराचं ओझं एकट्या पोर्चच्या डोक्यावर!

नवरा डोकं पुसत बाहेर आला. तिनं त्याला सांगितलं तेव्हा तो दचकला, पण चकित काही झाला नाही.

"तू हात लावलास?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"शाळेत असल्यापासून. हळू बोल, आईला माहीत नाहीये." त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "आप्पांनी किती हौसेनं केलंय सगळं. त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं, की तुमचं चुकलंय?"

"आणि माझी इस्त्री चढली माळ्यावर, तर ते चालेल?"

या प्रश्नावर नवऱ्यानं थोडा वेळ टॉवेलात डोकं खुपसलं, आणि मग वायरमनला फोन लावला. वायरमन पलीकडून खणखणीत आवाजात म्हणाला, "जिन्याखालची पेटी ना? उघडून बघू की. आलोच, दाढी राहू दे आता."

दाढी? सुनेच्या मनात पाल चुकचुकली. गल्लीत केशकर्तनालय एकच होतं.

वायरमन खरंच एका गालाला साबण असलेल्या अवस्थेत आला. त्यानं मीटरजवळचा मेन स्विच बंद केला आणि पेटीचे स्क्रू काढायला घेतले. सासूबाई लगबगीनं दारात आल्या. "चाललंय ना सगळं? कशाला उगाच उकरून काढता?"

"काकू, एका बटणावर अख्खं घर चाललंय. एक दिवस वायर जळेल," वायरमन म्हणाला आणि त्यानं पेटी भिंतीतून ओढली.

मागे सगळ्या खोल्यांच्या लाल वायरी एकत्र घेऊन तिपेडी वेणी घातलेली होती. घट्ट, सुबक, एक तार इकडची तिकडे नाही. वेणीवर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर परकराची नाडी, तिलाही नीट सरगाठ.

"उभ्या जन्मात असं काम बघितलं नाही," वायरमन म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा आदरच होता. "कुणी केलं हे?"

नवऱ्यानं घसा खाकरला. "उंदीर असतील."

"उंदरांना सरगाठ येते होय?"

"मी केलंय," दारातून आवाज आला. आप्पा उभे होते. गळ्यात न्हाव्याचं फडकं, डावीकडचे केस बारीक, उजवीकडचे होते तसेच. "काय म्हणणं आहे?"

"म्हणणं काही नाही काका. कुठली वायर कुठल्या खोलीची, तेवढं सांगा, म्हणजे एकेकीला आपापल्या बटणावर बसवतो. हे घ्या, धरा. मेन बंद आहे." त्यानं वेणीचा शेंडा पुढे केला.

आप्पा दोन पावलं मागे सरकले. हात पाठीशी गेले आणि तिथं एकमेकांना धरून बसले.

"त्यांच्या हातात नका देऊ," सासूबाई पुढे झाल्या. "वेणी माझी आहे. नाडीसुद्धा माझीच."

नवऱ्याच्या हातातला टॉवेल गळाला.

"हा तान्हा होता तेव्हा," त्या म्हणाल्या. "उन्हाळा मी म्हणत होता. तेव्हाचा वायरमन ह्यांच्याशी भांडला आणि काम अर्ध्यावर टाकून चालता झाला. पोर रडून रडून निळं पडलेलं. दिसल्या तेवढ्या वायरी गोळा केल्या, वेणी घातली, लावली एका बटणाला. पंखा फिरला, पोर झोपलं. मग पुन्हा उघडायची कशाला? आणि बायकोचं अडाणी काम चारचौघांत दिसू नये, म्हणून हे कुणाला पेटीजवळ फिरकू देत नाहीत."

"मग इस्त्री?" सुनेनं हळूच विचारलं.

"तिचा काय दोष? मिक्सर तर मीच लावते ना, न थांबता."

वायरमननं वेणी उलगडली, वायरी तपासल्या आणि एकेक आपापल्या बटणाशी जोडली. पेटी परत भिंतीत बसली. त्यानं बाहेरचा मेन स्विच लावला आणि म्हणाला, "चला काका, पहिलं बटण तुमच्या हातानं."

आप्पा सवयीनं स्टुलावर चढले. फूटपट्टी हातात घेतली, डोळे मिटले, मोठा श्वास घेतला. मग तो तसाच सोडून खाली उतरले आणि पट्टी सुनेच्या हातात दिली.

"तू लाव," ते म्हणाले. "मला विजेची भीती वाटते. पहिल्यापासून."