कानानं घेतलेला कॅमेरा

आमच्या शेजारच्या हसनभाईंनी आयुष्यात कुठलीही वस्तू डोळ्यांनी बघून विकत घेतली नाही. नारळ सगळेच वाजवून घेतात, माठही घेतात. पण हे गृहस्थ छत्रीसुद्धा कानाशी धरून उघडमीट करायचे. चपला घ्यायच्या तर त्या दुकानदाराच्या पायात घालून त्याला दुकानभर चालवायचे आणि आपण स्टुलावर डोळे मिटून ऐकत बसायचे. मी नवा मिक्सर हौसेनं दाखवायला बोलावलं, तर चटणी चाखायच्या आधीच म्हणाले, "माई, मे म्हयन्यात जळेल ह्यो." एप्रिलातच जळला मेला.

सगळी नोकरी जहाजाच्या तळाशी, इंजिनापाशी झालेली. तिथून येणारे बहुतेक लोक बहिरे होऊन येतात. हे उलटे. कानांतून केसांचे झुबके बाहेर आलेले, आणि त्या झुबक्यांमधून जगातलं सगळं आत जायचं. "डोळं फसवतात, कान नाय," हे दिवसातून एकदा तरी ऐकावं लागे. भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमची दोन घरं, मध्ये कुंपणाला चिऱ्याचा बुटका गडगा. त्यामुळे माझ्या भांड्यांचे आवाजही त्यांना पाठ. "आज माईंची कढई रागात हाय," असं पलीकडून ऐकू आलं की आमचे हे मुकाट्यानं बाजारात जायचे.

त्यांच्या बायको झुबेदाभाभी म्हणजे जिभेला धार. "निकाहाच्या आदी ह्यांनी दाराआडून माझा आवाज ऐकलानी नि हो म्हटलानी," त्या सांगायच्या. "थोबाड मागनं बघितलानी. आता बोलतायत कोणाला?"

हसनभाई खाली बघून मिशीत हसायचे.

भाभींना साखरेचा आजार. त्या साखरेनं हळूहळू त्यांचे डोळे नेले. आधी सुईतला दोरा गेला, मग माशाचे काटे, मग माणसांचे चेहरे. शेवटी उजेड आहे की नाही एवढंच कळायचं. पण बोलणं तेच, आणि हसणंही तेच. हसायला लागल्या की पोट धरायच्या आणि पदर डोक्यावरून घसरायचा. मला गडग्याशी उभं करून तासभर हसवलेलं आहे त्यांनी, भात करपेपर्यंत.

त्यांचा एकुलता एक मुलगा अल्ताफ कुवेतला. त्याला काही रजा मिळेना. त्यानं कोणाबरोबर तरी एक चकचकीत डिजिटल कॅमेरा पाठवला. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. म्हणाला, अम्मीचा फोटो काढा आणि कॉम्प्युटरवाल्याकडून मला पाठवा.

आता तो कॅमेरा मुका. हसनभाईंनी बटण दाबलं की तो जरा विचार करायचा आणि मग कधीतरी फोटो घ्यायचा. भाभी पडवीतल्या बाकावर ताठ बसायच्या, पदर सारखा करायच्या आणि दम धरायच्या.

"काढलाव काय?"

"नाय अजून."

"आता?"

"बोललीस ना! हलला सगळा."

"मग सांगत का नाय तुमी? मेल्या मशिनीला तोंड नाय, तुमाला पण नाय?"

सगळे फोटो सारखेच आले. पोलिसांनी धरून आणल्यासारखा चेहरा, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. ते बघून अल्ताफचा रात्रीच फोन. "अम्मीला काय झालंय? माझ्यापासून काय लपवताय?" हसनभाईंनी परोपरीनं सांगितलं, पण मुलाचा विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गडग्याशी आले. चेहरा उतरलेला. "माई, दिवसभर हसते हो ती. मशीन समोर धरला की मरते. दिसत नाय ना. फोटो कधी झाला ता तिला कळायला नको? फासावर उभ्या केल्यासारखी वाट बघत बसते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मुलाकडे तिचा हसताना एक फोटो जायला हवा. डॉक्टर काय बोलला, तुमाला तर म्हायती हाय."

मला माहीत होतं. साखर डोळ्यांवर थांबली नव्हती. मूत्रपिंडापर्यंत गेली होती.

मारुती आळीतल्या शिरीषच्या दुकानात मोठे कॅमेरे आलेत, पत्रकार लोक वापरतात तसे, आत आरसा असतो आणि तो उडी मारताना वाजतो, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. झालं! रिक्षा बोलावली. भाभी मध्ये, एका बाजूला ते, एका बाजूला मी.

शिरीषनं काचेवर तीन कॅमेरे मांडले आणि पोपटासारखा सुरू झाला. मेगापिक्सेल किती, लेन्स कुठली, अंधारात कसा घेतो, नव्यानं शिकणाऱ्याला कुठला परवडेल.

"ता ऱ्हाऊ दे," हसनभाई म्हणाले. "वाजवून दाखव."

"अहो, कॅमेरा आहे हा. तबला नाही."

"तू वाजव."

त्यानं सगळ्यात महागडा उचलला. हलकेच 'टिक' झालं. भाभींनी मान हलवली. "ह्यो लाजतो." दुसरा वाजला. "ह्याला पडसा झालाय." दुकानातली गिऱ्हाइकं आपापली कामं सोडून भोवती जमली. शिरीष घाम पुसत म्हणाला, "मावशी, मग आवाजासाठी जुना रोलचाच न्या की. दणदणीत वाजतो आणि स्वस्तातही मिळेल."

"रोल संपतो बाबा," हसनभाई म्हणाले. "आणि धुऊन येईपर्यंत कळत नाय, हसली का रडली. हिचा एक चेहरा मिळायला शंभर काढाय लागतील."

राहिला तिसरा. शिरीषनं तो जरा ओशाळूनच पुढे केला. "हा सगळ्यात खालचा. प्लॅस्टिकचा आहे. आवाज जरा मोठाच करतो, आधीच सांगून ठेवतो."

खटाक!

भाभी दचकल्या आणि मग खुदकन हसल्या. "ह्यो कसा बोलला! आमच्या फाटकाची कडी पडली जशी."

"बांध," हसनभाई म्हणाले. सगळ्यात स्वस्त कॅमेरा आनंदानं नेणारं गिऱ्हाईक शिरीषनं तोवर बघितलं नसावं. त्यानं पिशवी फुकट दिली.

घरी आल्याबरोबर प्रयोग. मी गडग्याशी होतेच. भाभी ताठ, दम धरलेला. खटाक. "झाला!" हसनभाई म्हणाले. आणि फोटोत पुन्हा तोच पोलिसांनी धरलेला चेहरा. हसनभाई मटकन पायरीवर बसले. मलाही वाईट वाटलं. एवढा खटाटोप पाण्यात.

भाभी मात्र तोवर सुटल्या होत्या. दम सोडून, पदर ढळलेला, "झाला बाय एकदाचा! बरगडीत उसण भरली माझ्या. माई, ह्यांना सांगा, पुढच्या खेपेला तोफ आणा," असं म्हणत पोट धरून हसत होत्या.

हसनभाई त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूच कॅमेरा उचलला. खटाक.

"आता कसला वाजला?" भाभींनी विचारलं.

"स्वस्तातला हाय ना," हसनभाई म्हणाले, "दोन झटक्यांत घेतो."

"दिलाव ना शेवटी स्वस्तातला आणून!"

तेव्हापासून तसंच ठरलं. रोज दिवेलागणीच्या आधी, उजेड पडवीत तिरका येतो तेव्हा, पहिला खटाक भाभींसाठी आणि दुसरा अल्ताफसाठी. पहिला झाला की त्या दम सोडायच्या, हसायच्या, बडबडायच्या. दुसऱ्यात ते सगळं यायचं. त्यातला पहिला चांगला फोटो कुवेतला गेला, त्या रात्री अल्ताफचा फोन आला म्हणे. हसनभाई रिसीव्हर कानाला लावून नुसते ऐकत बसले होते. "रडत होता," मला म्हणाले. "पण बरा रडत होता."

एकदा हसनभाई बाजारात गेले असताना भाभींनी मला हाक मारली. हात सुजलेला होता, तोच माझ्या हातावर ठेवला. "माई, पयला खटाक खोटा, मना म्हायती हाय. जहाजवाल्याची बायको मी, मना काय कान नायत? पण बोलू नको त्यांना. लय हुशारी केली असा वाटताय त्यांना."

"मग दम का धरता भाभी?"

"नाय धरला तर सोडणार कसा?" त्या म्हणाल्या आणि परत हसायला लागल्या. मी हे अजून हसनभाईंना सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी आंब्याला मोहोर आला तेव्हा भाभी गेल्या. अल्ताफ विमानानं मुंबईला आणि तिथून गाडी करून पोचला, तोवर कबरीवरची माती सुकली होती. वडिलांना बरोबर न्यायचं म्हणून तो फार मागे लागला. "त्याच्या एसीचा आवाज फोनवरनं ऐकलाय मी," हसनभाई मला म्हणाले. "नाय झोप लागायची." ते गेले नाहीत.

आता माझ्या कढईबद्दल पलीकडून कोणी काही बोलत नाही. घर गप्प असतं. फक्त दिवेलागणीच्या आधी, उजेड तिरका झाला की गडग्यापलीकडून आवाज येतो. खटाक.

आधी वाटलं, पक्ष्याबिक्ष्याचे फोटो काढत असतील, म्हातारपणी छंद बरा. एक दिवस डोकावले, तर कॅमेरा बाकाकडे धरलेला. बाकावर कोणी नाही.

"फोटो येतो काय हो?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"नाय. आतलं फोटोंचं कार्ड अल्ताफ घेऊन गेला. रिकामाच हाय ह्यो." त्यांनी कॅमेरा शिरीषच्या पिशवीत घातला, बंद नीट गुंडाळला. "पण माई, ती दम धरून बसते ना. कोणी सांगाय नको तिला, झाला म्हणून?"

ते आत गेले. मी रोज ऐकते, तो एवढा एकच. दुसरा ते दाबत नाहीत.