तीन काट्यांचा भाव

दहाला चार मिनिटं कमी असताना गोकुळदास परबांनी बाल्कांवातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, टेबलावर तीन यंत्रं ओळीने मांडली: मुलीचा जुना लॅपटॉप, स्वतःचा फोन आणि शेजारच्या बाबलीकडून मागून आणलेला टॅब. टॅब एका बाजूला कलत होता म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली. याची काही गरज नव्हती. पण ज्याने वजनमाप खात्यात एकतीस वर्षं पेडणे-डिचोलीच्या बाजारांतले काटे तपासले, त्याला तिरकं काही बघवतच नसे.

आज शुभ्रांगी केबल्स ही कंपनी पहिल्यांदाच बाजारात उतरत होती. तिचे पन्नास शेअर, तीनशे रुपयाला एक, त्यांच्या पत्नी कमलाक्षीबाईंच्या नावावर लागले होते. खातं त्यांचं, पैसे त्यांचे, आणि नफ्यातून काय घ्यायचं तेही त्यांनीच ठरवलं होतं. नारळ वाटायचा विजेवरचा ग्राइंडर, किंमत पाच हजार चारशे. चाळीस वर्षं दगडी रगडा फिरवून त्यांच्या उजव्या मनगटाने आता संप पुकारला होता. डॉक्टर म्हणाले, रगडा बंद. आणि गोकुळदासांना तर मिक्सरमधल्या वाटपाची माशांची आमटी, त्यांचं हुमण, पहिल्या घासाला ओळखू येई. ताट बाजूला सारत, म्हणजे अगदी सौम्यपणे सारत, पण सारत.

"दहा वाजले काय विकून मोकळे व्हया," कमलाक्षीबाई आपला फोन हातात धरून दारात उभ्या राहिल्या. "माका ग्राइंडरवाल्याक फोन करूचो आसा."

दहा वाजले.

"चारशेधा!" त्या ओरडल्या. "विका, विका!"

"खंय बघलंस?"

"ॲपार. जंय विकूचे आसत थंयच दिसता न्हय!"

गोकुळदासांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे धंदो करतल्याच्याच काट्यार! अगे, एकतीस वर्षां मी काय केलां? जो धंदो करता तेचो काटो खरो धरूचो न्हय. भायल्या तीन काट्यांर तपासूचो."

बाहेरचे तीन काटे म्हणजे भाव दाखवणाऱ्या तीन वेबसाइटी. लॅपटॉप म्हणाला तीनशे. फोनवर भावाच्या जागी नुसती रेघ. टॅबवर तर 'अशी कंपनी सापडली नाही' असं लिहून आलं. तीन काट्यांत एवढी तफावत असली तर निरीक्षक सही करत नाही. गोकुळदासांनी वहीत तीन रकाने आखले आणि ते थांबले. एक पाय मात्र टेबलाखाली सारखा हलत होता.

तेवढ्यात बाबली पेढ्यांचा पुडा घेऊन आला. हमरस्त्यावर त्याचा कलिंगडांचा मांडव. त्याच्या काट्यावर गोकुळदासांनी तीनदा दंड ठोकला होता, पण शेजार टिकून होता.

"गोकुळदासबाब, मी चारशेआठान विकले. त्वांड ग्वाड करा."

"तपासलंस कसो?"

"तपासूचां काय तेत? ॲप म्हणता चारशेआठ, मी म्हटलां बरां."

गोकुळदासांनी पेढा घेतला, पण त्यांना तो गोड लागला नाही.

दहा वीसला तिन्ही यंत्रं शुद्धीवर आली. चारशे नऊ, चारशे चार, तीनशे अठ्ठ्याण्णव. आता खात्याची रीत सोपी होती: तीन नोंदी, एक सरासरी. त्यांनी भागाकार केला. चारशे तीन रुपये सदुसष्ट पैसे. कमलाक्षीबाईंच्या फोनवरच्या ॲपने तो आकडा नाकारला. भाव पाच पैशांच्या पटीत हवा म्हणे.

"दोन पैसे खंय घालू मी?" गोकुळदास संतापले.

"माज्या हुमणात घाला! पण विका!"

शेवटी पासष्ट पैशांवर तडजोड झाली. तोवर खरा भाव तीनशे ब्याण्णववर गेला होता, आणि चारशे तीनला कोणी घेईना. गोकुळदासांनी ती ऑर्डर रद्द केली, नव्या तीन नोंदी घेतल्या, नवी सरासरी काढली, पुन्हा ऑर्डर टाकली. भाव पुन्हा तिच्या खालीच. ते वर, भाव खाली, असा पाठलाग बारापर्यंत चालला. बाल्कांवात येरझारा घालून घालून त्यांची एक चप्पल तुटली.

"आता नफ्यात मिक्सरच येतलो," बाराला कमलाक्षीबाई म्हणाल्या. भाव तीनशे सत्तर होता.

एक वाजता त्या म्हणाल्या, "मिक्सराचां नुसतां भांडां." मग त्या खिडकीला पाठ लावून मनगट चोळत बसल्या. ते बघून गोकुळदासांनी वही बाजूला ठेवली. त्यांनी डिचोलीला नोकरीवर असलेल्या मुलीला, सुविधाला, फोन लावला.

"बाबा, लॅपटॉपार भावाच्या सकयल बारीक अक्षरांत काय लिवलां तां वाचा."

त्यांनी भिंग आणलं. 'भाव पंधरा मिनिटे उशिराने.' फोनवरच्या साइटीखाली होतं, 'पाच मिनिटे उशिराने.' टॅबवर काहीच नव्हतं.

"म्हणजे टॅबाचो तेवडो खरो, आनी ॲपाचो," सुविधा म्हणाली. "भाव पडत आसतना तुमची सरासरी तेच्यापरस वयरच येतली. कोण घेतलो, बाबा?"

गोकुळदासांनी भिंग खाली ठेवलं. बिस्किटांच्या पुड्यांवर बारीक अक्षरांत वजन छापलं म्हणून त्यांनी अर्ध्या तालुक्याला दंड केला होता. आणि गिऱ्हाइकांना बजावलं होतं, बारीक अक्षरं आधी वाचा.

पण एकतीस वर्षांची सवय एका फोनने सुटत नाही. "आनी एकच नोंद," ते पुटपुटले. "तिनूय एक झाले काय विकतंय."

आणि अडीच वाजता तो चमत्कार झाला. लॅपटॉप: तीनशे अठ्ठावीस. फोन: तीनशे अठ्ठावीस. टॅब: तीनशे अठ्ठावीस. पाच मिनिटांनी पाहिलं, तेच. दहा मिनिटांनी पाहिलं, तेच. पैशाचाही फरक नाही!

"कमल!" ते लहान मुलासारखे ओरडले. "जुळले! तिनूय काटे जुळले!"

त्यांनी वहीत सही केली, तारीख घातली आणि तीनशे अठ्ठावीसला ऑर्डर टाकली. ऑर्डर हलेना. पुन्हा सुविधाला फोन.

"बाबा, सर्किट लागलां. आज भाव येच्या सकयल वचूक शकना. सगळे विकूक बसल्यात, घेवपी कोणूच ना. म्हणूनच तो थंय थांबलो आसा."

गोकुळदासांनी वही मिटली. कमलाक्षीबाई उठल्या, आत गेल्या, आणि रगड्याजवळ खोवलेल्या नारळाचं ताट ठेवल्याचा आवाज आला.

"येवा," त्या म्हणाल्या. "भाव परत वयर येयपर्यंत वाटप तुमी करूचां."

पहिल्या दिवशी त्यांनी अर्ध्या तासात वाटप संपवलं. कमलाक्षीबाईंनी चिमूट घेतली, दोन बोटांत चोळली, पुन्हा घेतली, पुन्हा चोळली. तीनदा. "चरचरीत आसा. आनी वाटा." पंधरवड्यात गोकुळदासांच्या दंडाला गोळे आले, वाटप लोण्यासारखं उतरू लागलं आणि हुमण शेजारपाजारी वाखाणलं गेलं. कमलाक्षीबाईंचं मनगटही हळूहळू बरं झालं. दुपारी त्या बाल्कांवात बसून अबोलीचे गजरे करू लागल्या.

एकविसाव्या दिवशी सकाळी गोकुळदास नारळाने माखलेल्या हातांत कमलाक्षीबाईंचा फोन धरून स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले. त्यांनी ॲप पाहिलं होतं, फक्त ॲप.

"कमल, चारशेबारा! ग्राइंडराचे पैसे सुटले! आताच्या आता विकून टाक!"

कमलाक्षीबाईंनी फोन हातात घेतला, निवांत पाहिला आणि गजऱ्याच्या टोपलीत ठेवून दिला.

"ह्यो धंदो करतल्याचो काटो," त्या म्हणाल्या. "भायल्या तिनांर तपासलात?"