मागल्या खोलीच्या बचावासाठी टेकडीवर जाहलेल्या मोहिमेची हकीकत

वाचणारांस लेखकाचा दंडवत. विनंती ऐसी की, मोठमोठ्या लढायांच्या हकीकती लिहिणारे बहुत जाहले, आणि त्यांत हत्ती पडले, घोडे पडले, तख्ते उलथली, ते सर्व त्यांनी लिहून ठेविले. परंतु एका रविवारी तीन मातबर सरदारांनी उघड्या टेकडीवर एका यंत्रासाठी जी शर्थ केली ती लिहावयास कोणी पुढे येईना, म्हणून हा भार आम्ही शिरावर घेतला. यात पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर चिमूटभर, तेही चवीपुरते. ज्यास इतबार नसेल त्याने विमेवाल्यांची मांडी जाऊन पाहावी.

तर त्या शहरी हौशी रेडिओवाल्यांची एक कौम नांदत होती. या कौमेचा धर्म ऐसा की, रीतसर परवाना घेऊन यंत्रापुढे बसावे आणि आभाळात हाक मारावी, आणि मुलखापलीकडून कोणी अनोळखी माणूस 'ओ' देईल तर हर्षाने वेडे व्हावे. खिशात टेलिफोन असता हे कशास, ऐसा सवाल त्यांस पुसू नये. पुसल्यास जबाब लांबतो आणि पुसणाराचे घरी काम खोळंबते. या कौमेत मुख्य तीन. पहिले दंतवैद्य, जे रोग्याच्या तोंडात आरसा घालूनही त्यास रेडिओच्याच गोष्टी सांगत, आणि रोगी बिचारा तोंड उघडे असल्याने हरकत घेऊ शकत नसे. दुसरे शिंपीमास्तर, कापड आणि तार एकाच कात्रीने कापणारे. तिसरे विमेवाले, जे अवघ्या शहराच्या जिवाची जोखीम घेत, परंतु स्वतः स्टुलावर चढत नसत.

दंतवैद्यांचे घरी मागल्या अंगास एक खोली होती, हवेशीर, खिडकी चांगली, आणि तीत त्यांचे जुने यंत्र पेटीएवढे पसरले होते, आणि त्याभोवती तारा, खोकी, मोडके पंखे आणि 'कधीतरी लागेल' ऐशा जिनसांचा वेढा होता. त्याच घरी त्यांच्या पत्नी, शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांची पावले जिन्यात वाजताच शिपाई उठून उभा राही, त्या जेवणाच्या टेबलावर पेपर तपासीत. ताटे मांडावयाची वेळ आली की बाईसाहेबांनी गठ्ठे उचलून फ्रिजवर ठेवावे, ताटे निघाली की पुन्हा उतरावे, ऐसी त्यांची बरीच वर्षे गेली. कुरकूर त्यांनी केली नाही. परंतु मुख्याध्यापिका कुरकूर करीत नाहीत तेव्हा सावध राहावे, हे दंतवैद्यांस कोणी सांगितले नव्हते.

ऐशात बाजारात एक नवे यंत्र आले. आकार वहीच्या गठ्ठ्याएवढा, बॅटरी पोटातच, खांद्यास अडकवून कोठेही न्यावे, आणि लघुलहरींचे झाडून सारे पट्टे त्यात बोलावे, ऐकावे. त्याची खबर येताच रविवार सकाळची आकाशातली मजलिस त्यानेच भरली. जो तो आपापल्या घरून आपापल्या जुन्या यंत्रावर नव्या यंत्राविषयी बोलू लागला. शिंपीमास्तरांनी त्याच्या पडद्याची तारीफ केली, विमेवाल्यांनी त्याच्या बॅटरीविषयी शंका काढली, मग दंतवैद्यांनी त्या शंकेचे मुळासकट निरसन केले, आणि मग पुढल्या रविवारी तीच शंका नवी होऊन आली. वादळ झाले, शेजारच्या गल्लीत लग्न लागले, विमेवाल्यांस नात झाली. परंतु मजलिशीत त्याचा उल्लेख नाही. नातीचे वर्तमान त्यांनी सांगितले खरे, त्यावर शिंपीमास्तरांनी अभिनंदन केले आणि लागलीच विचारले, "बरं, त्याला ट्यूनर आतच आहे का बाहेरून लावायचा?"

अखेर दंतवैद्यांनी यंत्र घेतले. घेताना बाईसाहेबांपुढे अर्ज गुजारला की, हे सुवाह्य आहे, म्हणजे हलके, कोठेही चालणारे. बाईसाहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि मग फर्मान निघाले, ते जसेच्या तसे देतो. "ठीक आहे. येत्या रविवारी टेकडीवर जाऊ. मी डबे भरून आणते. डबे उघडायच्या आत त्या खोक्याला एका जरी परक्या माणसानं उत्तर दिलं, तर मागची खोली तुमची, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही दिलं, तर खोली माझी."

दंतवैद्यांनी शर्त कबूल केली. हसत हसत केली, परंतु शर्त हलकी नव्हती. ती खोली म्हणजे त्यांचा एकमेव किल्ला. दिवसभर लोकांच्या दाढा उपसून आल्यावर त्याच खुर्चीत बसले म्हणजे त्यांस आपण कोणीतरी आहो ऐसे वाटे. मग त्यांनी उभय सरदारांस पाचारण केले, आणि दोघे म्हणाले, "डॉक्टर, खोली गेली तर आपण चहाला बसायचं कुठं?" आणि कुमकेस सिद्ध जाहले.

रविवारी स्वारीने कूच केले. विमेवाले पाण्याच्या बाटल्या व छत्री घेऊन पिछाडीस, शिंपीमास्तर तारेचे वेटोळे गळ्यात घालून आघाडीस, दंतवैद्य यंत्र पोटाशी धरून मध्यभागी, आणि बाईसाहेब डब्यांची पिशवी व उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन सर्वांच्या पुढे. टेकडीचा माथा गाठला. एक झाड पाहून तार एका फांदीवरून दुसरीवर ताणली, आणि बाईसाहेब झाडाखाली बसून लाल पेनने गुण देऊ लागल्या.

येथे एक रिवाज सांगितला पाहिजे, कारण सारे रामायण त्यातच आहे. या कौमेत शिस्त ऐसी की, नवे यंत्र एकदम आभाळात बोलवू नये, परक्यांच्या कानात खडखडाट होतो. आधी ते डमीवर बोलवून पाहावे. डमी म्हणजे खोटी अँटेना, काळ्या पत्र्याचा एक डबा. यंत्राने कितीही जोर लावावा, हा सगळा गिळतो आणि त्याची ऊब करतो, बाहेर हूं की चूं नाही. यंत्र आणि तार यांचे मध्ये एक खटका होता; डावीकडे फिरविला की डमी, उजवीकडे फिरविला की झाडावरली खरी तार. यंत्रावर एक काटाही होता. जोर बाहेर न जाता उलटून येऊ लागला की तो उठून उभा राही, आणि काही परतले नाही तर निजून राही. काटा निजला की रेडिओवाल्यास स्वर्ग दोन बोटे उरतो.

तर डमीची चाचणी यथासांग झाली. मग खटका उजवीकडे फिरवून पहिली हाक घालण्याचा मान कोणाचा, यावर मसलत बसली. दंतवैद्य म्हणाले, तुम्ही वडील, तुम्ही फिरवा. शिंपीमास्तर म्हणाले, छे, यंत्र तुमचे. विमेवाले म्हणाले, मी आपला साक्षीदार. ऐसे 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' होता होता बाईसाहेबांनी थर्मासमधला चहा पुढे केला, तिघांचे हात कपास गेले, आणि प्रत्येकाची खातरजमा झाली की खटका दुसऱ्याने फिरविला. खटका होता तेथेच राहिला.

दंतवैद्यांनी माइक उचलला आणि हाक घातली. काटा जागचा हलेना. अहाहा, काय तो आनंद! दंतवैद्य म्हणाले, तारेचे गणित माझे. शिंपीमास्तर म्हणाले, गणित कोणीही करील, कापली कोणी? विमेवाले म्हणाले, झाड मी निवडले. मग हाक घालून कान लाविला तों यंत्रात शांतता, देवळात दुपारी असते तैसी. शिंपीमास्तरांनी मान डोलावून फर्माविले, "वा! काय शांत रिसीव्हर आहे! जरासुद्धा खरखर नाही!"

बाईसाहेबांनी पेपरावरून नजर न काढता विचारले, "काहीच ऐकू येत नाही, हे चांगलं का वाईट?"

"चांगलं, वहिनी, फारच चांगलं," ऐसे तिघांनी एका सुरात सांगितले.

परंतु हाकेमागून हाक गेली आणि उत्तर येईना. दंतवैद्यांनी वरचा पट्टा पाहिला, खालचा पाहिला, घसा कोरडा पडला. मग कौमेच्या रीतीप्रमाणे तोहमत सूर्यावर गेली. विमेवाल्यांनी निदान केले की आज सूर्यावर डाग कमी, वातावरण आपले ऐकत नाही. शिंपीमास्तर वर बघून म्हणाले, "आजच नेमका रुसायचा होता का?" आणि तिघे सरदार त्या निरपराध सूर्यनारायणाकडे ऐसे डोळे वटारून पाहू लागले की जणू तोच गनिमास फितूर झाला. बाईसाहेबांचा गठ्ठा संपत आला होता, डब्यांची पिशवी जवळ ओढली गेली होती, आणि दंतवैद्यांस प्रत्येक हाकेबरोबर आपली खुर्ची, आपली खिडकी, आपले मोडके पंखे एकेक करून दाराबाहेर जाताना दिसत होते.

विमेवाले दगडावर बसले होते, आणि उतारावरून गडगडू नये म्हणून काळा डबा त्यांनी सुरुवातीपासून मांडीवर घेतला होता. मांडीस ऊब आली, ते म्हणाले ऊन वाढले. ऊब वाढली, त्यांनी छत्री उघडली. मग दंतवैद्यांनी इरेस पेटून सारा जोर लावून लांबलचक हाक घातली, तों विमेवाले "आई गं! भाजलो, भाजलो!" म्हणून उडाले, ते छत्रीसह. डबा गवतात पडला आणि तिघे त्याकडे बघत राहिले. सकाळपासूनच्या साऱ्या हाका विमेवाल्यांच्या मांडीत गेल्या होत्या.

"खटका कोणी फिरवला होता?" दंतवैद्यांनी क्षीण स्वरे विचारले.

"तुम्ही ना?" दोघे म्हणाले.

झाडाखालून हसण्याचा आवाज आला. मुख्याध्यापिका हसतात, हे त्या दोघा सरदारांस त्या दिवशी प्रथम कळले.

मग खटका उजवीकडे गेला आणि यंत्रात एकदम बाजार भरला, शिट्ट्या, भाषा, खरखर, कोणी गातो, कोणी आकडे सांगतो. सूर्यनारायणाची मनोमन माफी मागितली गेली. परंतु माइक दाबताच काटा ताडकन उठला. तार चुकली होती! मघा जिचे तीन बाप होते ती क्षणात पोरकी झाली. शिंपीमास्तर म्हणाले, मी सांगितल्या मापाने कापली, दंतवैद्य म्हणाले, माप झाडावर अवलंबून, आणि विमेवाले मांडीवर पाणी ओतीत म्हणाले, "झाडाचं नाव काढू नका." मग बारकाईने पाहता उघड झाले की शिंपीमास्तरांनी दोन्ही टोकांस हातभर माया ठेविली होती. दुकानात कापडाला जशी ठेवतात तशी, पुढेमागे उसवून वाढवावे लागले तर असावी म्हणून. आणि ठेविली हे त्यांस ध्यानातही नव्हते, हातच तसा वळलेला. त्यांनी जीभ चावली, दोन्ही टोके दुमडून मागे पिळली, आणि काटा निजला, या खेपेस खरोखरीचा.

बाईसाहेबांनी पहिल्या डब्याच्या झाकणास हात घातला. दंतवैद्यांनी डोळे मिटून हाक घातली. आणि उत्तर आले! बारीक, वाऱ्यावर हेलकावे खाणारे, परंतु स्वच्छ. समुद्रापलीकडून एक वयस्क बाई बोलत होती. तिने दंतवैद्यांचे परवान्यावरले सांकेतिक नाव बिनचूक म्हटले, आवाज उत्तम येतो म्हणाली, आणि पुढचाच सवाल केला की यंत्र कोणते. मग काय विचारता! शिंपीमास्तरांनी विमेवाल्यांस मिठी मारली, भाजल्या मांडीसकट, आणि दंतवैद्य बॅटरीपासून पडद्यापर्यंत सारे सांगत सुटले.

"अहो, त्या बाई राहतात कशा, एकट्या आहेत का, काहीतरी विचारा की!" ऐसा झाडाखालून हुकूम जाहला. तेव्हा विचारले. ती म्हणाली, एकटीच असते. माझेही तुमच्यासारखेच यंत्र. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवते, भाजी चिरताना बोलते, वेगळी खोली लागत नाही.

हे ऐकून बाईसाहेबांनी झाकणावरला हात काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही जिंकलात. खोली तुमची. फक्त एक सांगा, जे खोकं टेकडीवरून समुद्रापार बोलतं, त्याला खोली कशाला लागते?"

शिंपीमास्तर तार गुंडाळू लागले, विमेवाले छत्री. दंतवैद्यांची नजर झाडाखालच्या गठ्ठ्याकडे गेली, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर ठेविलेल्या दगडाकडे गेली, आणि त्यांस फार लाज वाटली. हरल्यावर खोली दिली असती तर कुरकुरत दिली असती, हेही त्यांस कळले. मग त्यांनी डबा आपल्या हाताने उघडून पत्नीपुढे ठेविला आणि म्हणाले, "उद्या रिकामी करतो."

आणि केली. जुने यंत्र शिंपीमास्तरांचे दुकानी गेले, मोडके पंखे भंगारात, आणि नवे यंत्र गॅलरीच्या कठड्यावर स्थानापन्न झाले. बाईसाहेबांनी खिडकीशी टेबल लाविले आणि सारे पेपर एकदम पसरले. जेवणाची वेळ झाली, ताटे मांडली गेली, आणि त्यांनी सवयीने गठ्ठे उचलले; मग थांबल्या, आणि होते तेथे परत ठेविले. दाराशी दंतवैद्य उभे होते. ते म्हणाले, "राहू दे तसेच. कोणी हलवणार नाही." बाईसाहेबांनी त्यांचा हात धरून त्यांस जेवावयास नेले.

सबब दप्तरी दाखल केले जाते ऐसे की, मोहीम दंतवैद्यांनी फत्ते केली, मुलूख बाईसाहेबांच्या अमलाखाली गेला, आणि शिकस्त कोणाच्याच नावे लिहावयास सापडली नाही. हे वर्तमान टेकडीवरील सर्वांस मंजूर आहे. विमेवाल्यांनी सही उभ्याने केली.